सुनेची डिग्री, माझा दोरा

३ मे २००६, बुधवार. हॅनोव्हर.

काल उतरले. लेकाने, श्रीनाथने, ऑफिसातली कोरी डायरी दिली. वार जर्मनमध्ये छापलेत, ते खोडून मी मराठीत लिहिणार. चौथी शिकलेल्या बाईला एवढं जमतं. मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, मनातलं मनात ठेवू नका, बीपी चढतं. तोंडावर बोललं की घरच्यांचं चढतं. म्हणून डायरी.

व्हिसा तीन महिन्यांचा. तेवढ्यात कुणाच्या कामात लक्ष घालायचं नाही, असं ठरवलंय. शिवाय रोज दहा जर्मन शब्द.

जेवताना कळलं, नीताला इथल्या युनिव्हर्सिटीत एम.ए. करायचंय. भूगोलात. सूनबाईंचं वय अडतीस, सकाळी बेकरीत नोकरी, घरात बारा वर्षांची मुलगी, तनया. मी काही बोलले नाही. फक्त म्हटलं की ट्राममध्ये प्रत्येक स्टॉपचं नाव बाई सांगते, मग नकाशे शिकून करायचं काय. तनया जर्मनमध्ये काहीतरी म्हणून हसली. श्रीनाथ म्हणाला, आई, तुझा संकल्प किती वाजेपर्यंत होता?

संकल्प उद्यापासून.

९ मे, मंगळवार

फॉर्म पाहिला. सोळा पानं. लग्नाच्या याद्यासुद्धा एवढ्या नसतात.

घोळ असा. नीताचं बी.ए. बाहेरून झालंय. लग्नाच्या वेळी तिचं पहिलं वर्ष झालं होतं. पुढची दोन वर्षं घरीच, वर्षातून एकदा जाऊन परीक्षा. मार्क चांगले आहेत. पण इथल्यांना मार्क नकोत, क्रेडिट हवीत. क्रेडिट म्हणजे शिकण्यात किती तास घातले ते. नुसती परीक्षा दिली, वर्गात बसलीच नाही, तर तास किती? फॉर्मवर शून्य.

नीता म्हणाली, कॉलेज मध्येच का सोडलं असंही विचारलंय. श्रीनाथने एकदम वर्तमानपत्र उघडलं. मी म्हटलं, लिही की सरळ. कॉलेज सकाळी सातला आणि मिरजेत नळाला पाणी साडेसहाला. पाणी कुणी भरायचं? ह्यांनी? ह्यांना शाळेच्या ऑफिसात जायला नऊला डबा लागायचा. शिकू नको असं मी कधी म्हटलं नाही. घरी बसून शिक म्हटलं. घरबसल्या डिग्री मिळाली. किती सासवा देतात?

नीताने लिहिलं, कौटुंबिक कारण.

मला तो शब्द आवडला नाही. पण मी लक्ष घालत नाही.

१७ मे, बुधवार

युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातल्या बाईचा फोन येऊन गेला. घरी केलेल्या अभ्यासाचेही तास धरतात म्हणे. किती केला ते लिहा, आणि ज्याने डोळ्यांनी पाहिलंय त्याची सही जोडलीत तर बरं.

नीताने भांडी घासता घासता विचारलं. आई, मी पहाटे चार ते सहा स्वयंपाकघरात बसायचे. दोन वर्षं. तुम्ही द्याल सही?

म्हटलं, मी झोपलेली असायचे. खोटी सही मी जन्मात केली नाही.

ती बरं म्हणाली. तिचं ते बरं मला अठरा वर्षं पाठ आहे.

आता दाराच्या फटीतून लाइट दिसायचा, ते वेगळं. लाइट म्हणजे अभ्यास नव्हे. मासिकही वाचत असेल. आणि सासूची सही कोण खरी मानणार? म्हणजे नाही म्हटलं ते तिच्याच भल्याचं.

जर्मन शब्द आजअखेर: या, नाइन. म्हणजे हो, नाही.

२९ मे, सोमवार

जुन्या युनिव्हर्सिटीचं पत्र हवंय, अभ्यासक्रमात काय काय होतं त्याचं. मी भाच्याला, दत्ताला, मिरजेला फोन लावला. म्हटलं, उद्याच्या उद्या जा. तो म्हणाला, मावशी, उद्या मेव्हण्याचा साखरपुडा आहे. परवा जा म्हटलं. परवा ऊन असतं म्हणाला.

६ जून, मंगळवार

पत्र आलं. माझ्या एका फोनचं काम.

दत्ताला शाबासकी द्यायला फोन केला तर तो अजून गेलेलाच नाही. पत्र नीताने जानेवारीत मागवलेलं. असो. मी फोन केला आणि आठ दिवसांत पत्र आलं, हे कुणी नाकारू शकत नाही.

२२ जून, गुरुवार

फुटबॉलचा नुसता धुमाकूळ. समोरच्या बाल्कनीत चादरीएवढा झेंडा. तनया गालावर तीन रंग फासून फिरते. कुंकू लाव म्हटलं तर नाइन म्हणते.

नीताबरोबर सरकारी कचेरीत गेले. मार्कलिस्टांच्या झेरॉक्सवर शिक्का घ्यायचा, खऱ्या प्रती आपल्याकडेच. काउंटरवरच्या बाईचं काम पाहून मला घाम फुटला. तिने पानांचे कोपरे पंख्यासारखे दुमडले, त्यावर कचकन पिन मारली आणि शिक्का असा मारला की प्रत्येक पानावर त्याची एकेक चीर आली. एकाही पानावर पुरा उठला नाही. नवशिकी असावी. शिवाय तिसरं वर्ष वर, पहिलं खाली. मी नीताला म्हटलं, दुसरा मारून घे. ती म्हणाली, आई, इथे असंच असतं. नीता अशीच. कुणी काहीही हातात दिलं की घेऊन येते.

जाताना मी बाईला गेनाऊ म्हटलं, म्हणजे अगदी बरोबर. तिसरा शब्द.

१० जुलै, सोमवार

फुटबॉल संपला, जर्मनी तिसरी आली. तरी भोंगे चालू.

नीताचा अर्ज तयार. पंधरा तारीख शेवटची. पाकीट टेबलावर, उघडंच. बुधवारी टाकणार. तिने ते आज चार वेळा उघडून पाहिलं. श्रीनाथ म्हणाला, अगं, झालंय सगळं. ती म्हणाली, तुला नाही कळायचं, मला पहिल्यांदा कुणीतरी तास विचारलेत.

मी मदतीला आहे असं मीच म्हटलं. बरं म्हणाली.

११ जुलै, मंगळवार. दुपार.

आज मी खरं काम केलं.

सगळे बाहेर गेलेले. पाकीट समोर. त्या नवशिक्या बाईचं काम डोळ्यांत खुपत होतं. शुभकार्याचा कागद आणि त्यात लोखंडाची पिन. सुरीच्या टोकाने अलगद काढल्या. एकही पान फाटू दिलं नाही. दुमडलेले कोपरे वाटीने घासून सपाट केले. मग वर्षं ओळीने लावली, पहिलं वर, तिसरं खाली.

आणि दोऱ्याने शिवलं. बोर्डाच्या परीक्षेत पुरवण्या दोऱ्यानेच बांधतात, हे मला कुणी शिकवायला नको. ह्यांच्या शाळेसाठी वीस वर्षं मीच घरी दोऱ्याचे तुकडे कापले आहेत, शंभराचा एक जुडगा. अख्ख्या तालुक्याची पोरं माझ्या दोऱ्यावर पास झाली. इथे पांढरा सापडला नाही, लाल घेतला. दुहेरी, तीन टाके, पाठीमागे गाठ.

शेवटी प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट, पत्रिकेला लावतो तसं. पाकीटही चिकटवून टाकलं.

नीता बेकरीतून आली. म्हणाली, आई, चिकटवलंत का? बरं झालं. हे बरं जरा वेगळं होतं. आत काय केलं ते मी सांगितलं नाही. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये.

१२ जुलै, बुधवार

रजिस्टरने गेलं. नीताने पावती देवापुढे ठेवली. मी शिरा केला.

युनिव्हर्सिटीतली माणसं टाके बघून विचारतील, हे कुणी केलं. निघायच्या आत कळायला हवं.

२४ जुलै, सोमवार

पाकीट परत आलं.

तनयाने पत्र जर्मनमध्ये वाचलं, श्रीनाथने मराठीत सांगितलं. पिना काढल्या आहेत. कोपऱ्यांवरचा शिक्का तुटला आहे. पानांवर लाल पदार्थ आहे. अशा प्रतींवर शिक्का असला तरी तो नसल्यासारखाच. मुदत पंधराला संपली. पुढच्या वर्षी अर्ज करता येईल.

पिन आणि शिक्का एकत्र असतात ते मध्ये पान बदलू नये म्हणून, असं आता कळलं. कचेरीतल्या बाईने तेव्हा सांगायला नको?

नीताने कागद टेबलावर पसरले. दोऱ्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, आई, हा दुहेरी आहे का? म्हटलं, हो. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. माझ्याकडे तयार होतं.

श्रीनाथ म्हणाला, तुला कुणी सांगितलं होतं? म्हटलं, मला कधी कुणी सांगावं लागलं नाही. मग तनया सरळ मराठीत म्हणाली, आजी, आई जानेवारीपासून हे करत होती. या पोरीला मराठी बोलता येतं आणि तीन महिने माझ्याशी जर्मन.

एका पिनेपायी वर्ष. असल्या देशाने रेल्वे कशी चालवली असेल. कुंकूही चांगलं नव्हतं, पसरलं. दत्ताने आणलेलं.

२७ जुलै, गुरुवार. पहाटे सव्वाचार.

जाग आली. दाराच्या फटीतून स्वयंपाकघरातला लाइट.

उठले. दार ढकललं. नीता टेबलाशी, समोर भूगोलाचं जर्मन पुस्तक, पेन्सिल कानावर. तिने वर पाहिलंच नाही. म्हणाली, बंद करते, आई.

मी काही म्हटलंच नव्हतं.

परत येऊन पडले. सहापर्यंत फट उजळलेलीच होती. तेव्हाही ती बंद करते म्हणायची आणि करायची नाही.

२९ जुलै, शनिवार

उद्या विमान. बॅग भरली. जर्मन शब्द तीनच. ही भाषा माझ्या वयाला शिकवायची त्यांची पद्धत चुकते.

सकाळी डायरीचं मागचं कोरं पान फाडलं, पट्टी लावून, सरळ. लिहिलं:

मी, अहिल्या पद्माकर, मुक्काम मिरज, लिहून देते की माझी सून नीता हिने लग्नानंतर दोन वर्षं रोज पहाटे चार ते सहा अभ्यास केला. मी जागी असायचे. लाइट बंद कर असं मी रोज सांगायचे. तिने एकदाही केला नाही. सणाच्या दिवशीसुद्धा नाही.

खाली सही. कुंकू लावलं नाही. हात गेला होता.

नीताला दिलं. तिने उभ्याउभ्या वाचलं. दुसऱ्यांदा बसून वाचलं. म्हणाली, याचं जर्मन करून त्यावर शिक्का घ्यावा लागेल. म्हटलं, घे, पण त्या बाईला पिन जरा नीट मारायला सांग.

ती हसली की काय, कळलं नाही, पाठ होती. कागद फाइलीत ठेवला, फाइल कपाटात, आणि कपाटाला कुलूप लावलं. या घरात कुलूप आहे हे मला तीन महिन्यांत कळलं नव्हतं. किल्ली कुठे ठेवली तेही पाहू दिलं नाही.

माझा सुईदोऱ्याचा डबा बॅगेत नीताने आधीच भरलेला आहे. सगळ्यात खाली.