दोघांच्या वाट्याचं पाणी

असाबेया, आपल्या गाडीला हात लावू नकोस. चढावर गचके खाते ती प्लगमुळे नाही. तुझा तो मेकॅनिक उगाच प्लग बदलत बसला. फिल्टर काढला तर पेट्रोलमध्ये पाणी! खोदून विचारल्यावर आई म्हणाली, "पास्टरने मंत्रून दिलंय. टाकीत ओतलं की अपघात होत नाही." मला हसूच फुटलं. "हसतोस काय? उरलेलं तुझ्या भावाच्या, दान्क्वाच्या ट्रोट्रोत ओतलंय."

आपला दान्क्वा सकाळीच मयताला जाणारी माणसं मिनीबसमध्ये खच्चून भरून म्प्रेसोचा घाट चढायला निघालाय. गाडी चढावर बंद पडली तर मागेच घरंगळत येणार. फोन लागत नाही. मी मोटरसायकलवर त्याच्यामागे जातोय.

आईला काही बोलू नकोस. दोन्ही मुलांना सारखं वाटलं म्हणून ती खुशीत आहे.

ओफोसू