माझ्या मतासह सर्व मिळकतीची व्यवस्था

मी, व्यंकटराव सटवाजी पतंगे, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा परभणी, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दाबाखाली नसताना हे लिहून ठेवतो. डोळे अधू झाले आहेत. कान शाबूत असल्याने राजकारण चुकवता आले नाही.

१. राहते घर पत्नी रुक्माबाईस. तिच्या हयातीत भिंतीवर कोणत्याही पक्षाचे चिन्ह रंगवू नये, लेकाच्या पक्षाचेही नाही. भिंत ती सारवते. सारवायला पक्ष येत नाही.

२. माझा सागवानी तक्तपोस गावातल्या प्रत्येक सभेला व्यासपीठ म्हणून गेला. मी मागे उभा असे. चढताना पुढारी आपले आपण चढत. उतरताना प्रत्येकाला धरावे लागे. ओढ्यावरचा पूल त्याच्यावरूनच तीनदा जाहीर झाला. पूल झाला नाही, पण तिन्ही नारळांचे खोबरे मी खाल्ले आहे, त्यामुळे तक्रार करीत नाही. जळबा सुताराने त्याची शाळेसाठी बाके करावीत. त्यावर बसणाऱ्यांना निदान प्रश्न तरी विचारले जातील.

३. माझे मत. आमचे वडील वारल्यानंतरही दोन निवडणुकांत त्यांचे मत पडले. हयातीत त्यांना केंद्रावर न्यायला गाडी जुंपावी लागे. मुलगा तातेराव पंचायत समितीला उभा राहणार आहे. निवडणूक पुढे पुढे ढकलली जात आहे, माझा मात्र भरवसा नाही. माझ्यामागे माझ्या नावावर कोणी मत टाकू नये, असे त्याला बजावले.

तो म्हणाला, "बाबा, समद्यायचे मेलेले मत देऊन राहिले. माझाच बाप काहून देत न्हाई?"

"एका मतानं पडलास तर पड."

"तुमाला माझं भलं बघवंना व्हय?"

बोलताना त्याने हात जोडले होते. घरात बापापुढे असे हात जोडलेले पाहून मला वाईट वाटले.

४. म्हणून विहिरीवरचे रान तातेरावास, या अटीवर की पहिल्या निवडणुकीत माझे मत पडता कामा नये. पडल्यास रान सून चांगुणाबाईचे. केंद्रावर लक्ष ठेवायला तिलाच बसवावे. ती निवडणुकीपायी रान विकणार नाही.

५. माझ्या शोकसभेत कोणी भाषण करू नये.

निवडणूक माझ्या हयातीत झाली, तर मी चालत जाऊन तातेरावालाच मत देईन. बाप आहे, इलाज नाही. मेल्यावर तरी मला त्यातून मोकळे ठेवावे.

सही : व्यंकटराव सटवाजी पतंगे
साक्षीदार : किशनराव गुरुजी (सही), भावसिंग नाईक (अंगठा)
डोंगरकडा, १४ नोव्हेंबर १९७८