चहाबरोबरची अर्धी गोळी

प्रिय ताई,

पथारीवर, आपल्या मिरची वाळवायच्या मैदानावर, यंदाची मिरची पडली. आज तुझी लेक मनीषा पहिल्यांदा कामाला आली आणि तुझ्याच जागेवर बसली, पण माझ्याकडे पाठ करून. म्हणून लिहितेय. तू होतीस तेव्हा एक गोष्ट तुला सांगितली नाही. आता ती मनीषाला सांगायची वेळ आली आहे, आणि आधी तुला न सांगता तिला सांगायला माझा जीव धजत नाही.

तुला आठवतं का, लग्न होऊन मी नंदुरबारला आले तेव्हा तूच मला पथारीवर नेलंस? पहिल्याच दिवशी देठ खुडून खुडून हातांची अशी आग झाली की मी रडायला लागले. तू हसलीस, माझ्या बोटांना खोबरेल चोळलंस आणि तिथली जुनी बाई नवीला देते ती शिकवण दिलीस. "दिवसभर पानी पेवानं नही, व. पानी पिधं का बाहेर जावं लागस, आनि हात मिरचीना शेतस."

बाईमाणसाला बाहेर जायला होतं तरी काय तिथे? लांबवर चार बाभळी. शिवाय मिरचीचे हात लागले की जी आग होते ती कुणाला सांगायची? आपण घसा कोरडा ठेवून दिवस काढायचो आणि त्याचा वर अभिमान बाळगायचो.

मग गुडघे धरायला लागले, कंबर वाकेना. दुपारच्या चहाला तू पदराची गाठ सोडायचीस. त्यात किराणा दुकानातून आणलेली पांढरी गोळी. दाताने मोडून अर्धी तू घ्यायचीस, अर्धी माझ्या तळहातावर. "ले, चाय संगे ली ले. कंबर मोकयी हुई जाई." आणि खरंच व्हायची गं. पुढे पुढे अर्धीने भागेना, तेव्हा दोन गोळ्या मोडायला लागलीस. बाजारातली गुडघ्याची पुडी आणलीस तीही आपण वाटूनच घेतली.

तुझे पाय सुजले, बांगड्या हातात रुतायला लागल्या, तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, कुठली औषधं चालू आहेत? तू म्हणालीस, "काहीच नही, साहेब." शेजारी उभी राहून मीही मान हलवली. आपण खोटं कुठे बोललो? त्या गोळीला आपण कधी औषध म्हटलंच नव्हतं. ती चहाची गोळी होती. चहात साखर असते तशी.

तुला मशीन लागलं, रक्त धुवायला. मी म्हटलं, माझी एक किडनी घे. "तुन्हा पोरं लहान शेतस," म्हणून तू आधी नाहीच म्हणालीस. मग मात्र गल्लीत येईल-जाईल त्याला सांगत सुटलीस, "मन्ही बहीण मले किडनी दी ऱ्हायनी." तुझं ते तोंड अजून डोळ्यांसमोर आहे. सूज आलेलं, तरी फुललेलं.

सुरतेला मी आणि हे गेलो. मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि मलाही तोच प्रश्न विचारला. मीही तेच उत्तर दिलं. मग त्यांनी विचारलं, कंबर दुखते तेव्हा काय करता? तेव्हा कुठे मी चहाची गोळी सांगितली. पाणी न पिण्याचंही सांगितलं. त्यांनी रिपोर्ट पुन्हा उलटून पाहिले. मग म्हणाले, "बाई, दुखण्याची गोळी वर्षानुवर्षं रोज, आणि शरीरात पाणी नाही. यानेच मूत्रपिंडं खराब होतात. तुमचीही निम्मी गेली आहेत. तुम्ही कुणाला काय देणार?"

परतीच्या गाडीत नवापूर यायच्या आत मी रिपोर्ट पिशवीच्या तळाशी दडवले. घरी तू दारात खाटेवर वाट बघत होतीस. मी म्हटलं, "जुळत नाही म्हणे." तू माझ्याकडे बघत राहिलीस. "सख्खी बहीण, आनि जुळस नही?" एवढंच बोललीस.

काय सांगणार होते मी? की तू तुझ्या दातांनी मोडून मला जे दिलंस, त्यानेच तुझा शेवटचा आधार गेला? मशीनवरून उठलेल्या माणसाला हे सांगायचं कसं? त्यापेक्षा मला भित्री समजलीस तर समज, म्हटलं. आणि तू समजलीस. नंतर घरात मनीषाला म्हणालीस ते मी ओट्यावरून ऐकलं, "जाऊ दे. घाबरी गयी व्हई ती." ताई, मी जे केलंच नाही, ते तू मला माफ करून टाकलंस. ते मला अजून सोसत नाही.

मला तुझा रागही येतो. सगळं अर्धं अर्धं करायची काय खोड ती! सगळी गोळी एकटीने खाल्ली असतीस, तर माझी एक किडनी तुला देण्याजोगी राहिली असती.

शेवटी तुला पाण्याची ओढ लागली होती. जन्मभर पाणी टाळलंस आणि आता डॉक्टरांनीच मोजून पाणी लावून दिलेलं. मनीषा कापूस भिजवून ओठांना लावायची. मी पुढे झाले की तू मान फिरवायचीस.

आज चहाच्या वेळी पलीकडच्या बाईने मनीषाला गोळी दिली. मी म्हटलं, नको घेऊ. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मावशी, आते मन्ही कायजी करस? माय व्हती तवय कोठे गयी व्हती तुन्ही कायजी?" आणि गोळी गिळली. पाण्याशिवाय, चहावर.

बाकीच्या बायांनाही मी सांगून बघते. त्या म्हणतात, गोळी नाही घेतली तर हात चालेल कसा? मी पाण्याची बाटली नेते, बाहेर जाताना हाताला प्लास्टिकची पिशवी बांधते, तर हसतात. हसू देत. माझ्याही पायांवर आता सूज दिसायला लागली आहे. माझ्यासाठी मी देवाकडे काही मागायचं सोडून दिलं आहे.

पण मनीषाचं काय करू? तिचा माझ्यावरचा राग मी मरेपर्यंत सोसला असता. त्या रागात तुझं नाव तरी झाकून राहत होतं. आता ते झाकायचं तर तुझी पोर द्यावी लागेल, आणि ती मी देणार नाही.

तुला वचन देते. उद्या कामावर जायच्या आधी तुझ्या घरी जाईन. सुरतेचे रिपोर्ट तिच्यापुढे ठेवीन आणि गोळी कुणाच्या हातची होती तेही सांगेन. तिला तुझा राग येईल. येऊ दे, ताई. रागवायला ती जिवंत राहायला हवी.

तुला नाही न म्हटलेली,
तुझी सुनंदा