वारसा मंडळातून माझे नाव काढण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पितळी पाट्या कोरणे, गल्लीत 'पाटीवाले' म्हणून ओळखला जाणारा, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. चष्मा नेहमी नसतो. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट जिच्यासाठी हे लिहितो आहे, तिचाच याला विरोध आहे. अकरा वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करतो.

१. त्या मृत्युपत्रात मी माझे स्वकष्टार्जित घर, खालच्या कामाच्या खोलीसकट, कोपऱ्यावरच्या शाळेला दिले होते. शाळा देणग्यांवर चालते. देणगीदारांची तिथे तीन मंडळे आहेत: दरवर्षी थोडेफार देणाऱ्यांचे स्नेही मंडळ, एखादी खोली बांधून देणाऱ्यांचे आधार मंडळ आणि आपल्या मागे घर किंवा जमीन देण्याचे कबूल करणाऱ्यांचे वारसा मंडळ. वारसा मंडळाचा मान मात्र जिवंतपणीच मिळतो. दारातल्या भिंतीवर पाटी, वार्षिक समारंभात पहिल्या रांगेत खुर्ची, मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत बशीसकट चहा. म्हणजे मी काहीही न देता अकरा वर्षे त्या खुर्चीवर बसलो. मला ती फार आवडायची, हे लपवत नाही.

२. त्या भिंतीवरच्या सगळ्या पाट्या मीच कोरल्या आहेत. कोरलेले अक्षर पुसता येत नाही, म्हणून छिन्नी लावण्याआधी गिऱ्हाइकाला एक दिवस विचार करू द्यायचा, हा माझा नियम. स्वतःच्या वेळी तो पाळला नाही. शब्द दिला त्याच दुपारी पाटी कोरून मोकळा झालो, तीही इतरांपेक्षा जाड पत्र्यावर. आधार मंडळातल्या कंत्राटदाराने आपले नाव भावाच्या नावापेक्षा मोठे हवे म्हणून माझे डोके खाल्ले होते, तेव्हा त्याला मी चार शब्द सुनावले होते. त्याची माफी मागतो. माणूस कटकट्या आहे, हे मत कायम.

३. घर, कामाची खोली आणि बँकेतली शिल्लक माझ्या सुनेला. माझा मुलगा तीन वर्षांपूर्वी आम्हा दोघांना सोडून दुसरीकडे संसार थाटून बसला. ती गेली नाही. अक्षरांत काळा रंग भरायचे काम तिचे. माझा हात थरथरू लागल्यापासून अर्धे कोरणेही तीच करते. लोक तारीफ माझी करतात आणि मी ती घेतो. घर शाळेला गेले तर माझ्यामागे तिच्या डोक्यावर छप्पर उरणार नाही. हे मी बोललो तेव्हा तिने हातातला ब्रशसुद्धा थांबवला नाही.

"बाबा, तुम्ही शाळेला शब्द दिलाय. माझं मी बघेन."

"कुठे बघशील?"

"बघेन कुठेतरी. तुमचं नाव खराब नको."

नाव खराब झाले तरी चालेल, असे मी ठरवले आहे. मला याची लाज वाटते, आणि तरी मी हेच करणार आहे.

४. मुलाला काही नाही. रागावला तर निदान पत्र तरी लिहील. शिडी थोरल्या भावाला. ती एकवीस वर्षे त्याच्याकडेच आहे.

५. शाळेला छिन्न्यांचा जुना संच आणि छोटी हातोडी, हस्तकलेच्या वर्गासाठी. तेवढ्यावर मी स्नेही मंडळात बसतो का, हे बाईंनी ठरवावे. वारसा मंडळात बसत नाही. माझ्या मृत्यूनंतर माझी पाटी भिंतीवरून उतरवावी.

६. हे सगळे बाईंना तोंडावर सांगायचे ठरवून दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. म्हणून त्यांनाच साक्षीदार म्हणून बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे शेजारचे कंपाउंडर सांगतात. बाईंनी मात्र सगळे वाचूनच सही करावी, ही माझी अट आहे.

ठिकाण: माझी कामाची खोली
दिनांक: बारा मार्च, शनिवार

लिहून ठेवणार: (सही) पाटीवाले

साक्षीदार १: (सही) शेजारचे कंपाउंडर

साक्षीदार २: (सही) मुख्याध्यापिका

सहीखाली मुख्याध्यापिकांच्या अक्षरात:

सगळं वाचलं. त्या घरात वरचे दोन वर्ग भरवायचं मी मनात धरलं होतं, त्यामुळे वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सही केली आहे. पाटी मात्र तुमच्यामागे उतरवायला मला सांगू नका, ते माझ्याच्याने होणार नाही. सोमवारी तुम्हीच या. मुलं घरी गेल्यावर या, म्हणजे कोणी बघणार नाही. स्टूल मी धरते.