वास नाही

१७ फेब्रुवारी

प्रिय साबणवाली,

तुझा साबण येऊन किती महिने झाले! सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती, 'वास कसा वाटला?' तिलाही मी उत्तर दिलं नाही. माफ कर. कामाचं निमित्त सांगणार होते, पण ते खरं नाही.

तू दगड सोडून साबण करायला लागलीस, मी अजून दगडांतच आहे. शेडमध्ये जमिनीखालून काढलेल्या खडकाच्या कांड्या पेट्यांत मांडल्यात. आपण कॉलेजात पाठ केलेला तोच उथळ समुद्र. खोलातलं गार पाणी वर यायचं, त्यातल्या पोषणावर सूक्ष्म जीव माजायचे, मरून तळाशी साचायचे. कुजता कुजता तळाचा प्राणवायू संपायचा आणि कुजणं अर्धवटच राहायचं. त्या चिखलात सुटलेलं फॉस्फेट माशांच्या दातांभोवती, हाडांभोवती, विष्ठेभोवती दाण्यादाण्यानं जमायचं. पुढे सगळ्याचा दगड झाला. फोडला की अजून घाण मारतो. सहलीत शंका आली की सर म्हणायचे, "नाकाबाईंना विचारा," आणि मी तुझ्या हातातला दगड हिसकावून हुंगायचे. नाकाने कांदे सोलायचे अगदी!

इथेही तेच. कांडी फोडायची, हुंगायची, 'वास आहे' किंवा 'वास नाही' लिहायचं. वासाचे तुकडेच तपासणीला जातात. वास म्हणजे अर्धवट कुजलेला सेंद्रिय अंश; तो ज्या थरात जास्त, त्या थरातला फॉस्फेटचा दगड खताच्या कारखान्यात आधी भट्टीत भाजावा लागतो. भट्टी बांधायची की नाही, हे माझ्या अहवालावर ठरणार आहे.

गेल्या उन्हाळ्यात मला ताप आला होता. त्यानंतर एकदा दूध जळून पातेलं काळं झालं, आणि मी शेजारीच भाजी चिरत उभी. लेक धावत आली, "आई, नाक गहाण टाकलंस का?" मी हसले. तुझा साबण कोरडा हुंगला, ओला करून हुंगला. काही नाही. तुला खोटं लिहवेना, म्हणून लिहिलंच नाही.

अहवालात मात्र लिहवलं. काळा दगड दिसला की 'वास आहे', फिका दिसला की 'वास नाही'. आज चहाच्या वेळी साहेबांनी सहज एक फिकी कांडी फोडली आणि नाकच धरलं. "अहो बाई, अख्खा मासळीबाजार मेलाय यात! तुमच्या नाकातून सुटला नसेलच म्हणा." मी 'हो' म्हणून मान हलवली. त्या थरापुढे माझ्याच अक्षरात 'वास नाही' आहे.

तापात नाक गेलं, यात माझा काय दोष? एवढं एक वाक्य वेळीच बोलले असते तर भागलं असतं. उद्या अहवालावर सही आहे. सांगितलं तर सगळ्या पेट्या पुन्हा हुंगाव्या लागतील, आणि ते काम दुसऱ्या कुणाकडे जाईल. तोंड धजत नव्हतं, म्हणून आधी तुझ्यापाशी बोलून पाहिलं. साबण रोज वापरते. फेस छान होतो, एवढं खरं सांगू शकते.

तुझीच,
नाकाबाई (अजून म्हणवलं तर)

उद्या: सहीआधी साहेबांना सांगणे.