चुकीच्या डोंगरावर

अण्णा, तुपाची ती लहान डबी तुम्ही कशाला नेली होती, एवढं जरी निघताना सांगितलं असतं तरी पुढचं सगळं रामायण टळलं असतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे तुम्ही वाचणार नाही, आणि हयात असतात तरी वाचून चष्मा पुसला असता आणि कानडीत 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणून विषय मिटवला असता, हे सगळं मला माहीत आहे. तरी लिहिते आहे. माझा राग अजून गेलेला नाही.

बसवनगुडीतल्या आपल्या दोन खोल्यांत तेव्हा किती माणसं होती! काका-काकू, त्यांची मुलं, आम्ही तुमची मुलं, त्यांत थोरली मी म्हणून सगळ्यांची अक्का, शिवाय शिकायला येऊन राहिलेला कुणी ना कुणी. कचेरीत दिवसभर साहेबाच्या हाका आणि घरी आलात की 'अण्णा, अण्णा'. त्यातून रविवारी सुटून जावंसं वाटलं तर माझी हरकत नव्हती. जवळच्या लालबागेत फिरून यायचं होतंत. पण तुम्हाला डोंगर हवा, तोही एकट्याने, आणि तोही नेमका मार्गशीर्ष-पौषात, जेव्हा शहाणी माणसं पांघरुणातून नाक बाहेर काढत नाहीत. मी एकदा विचारलं होतं, "हिवाळ्यातच का, अण्णा?"

"हिवाळ्यात साप झोपलेले असतात, अक्का."

"आणि धुकं?"

"धुकं चावत नाही."

पहाटेच्या दवाने गुळगुळीत झालेला कातळ, हाताचं बोट दिसणार नाही असं धुकं, चटकन मावळणारा दिवस, आणि तुमच्या पायात काय, तर चपला. पडलात तर उचलायला कोण? पण साप झोपलेले, म्हणजे सगळं ठीक.

बरं, जाता कुठे, हे आदल्या दिवशी विचारावं तर तुम्ही म्हणणार, "स्टँडवर जी बस आधी मिळेल ती." आणि निघताना विचारायची सोयच नाही. बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' म्हणून विचारू नये, काम फिसकटतं, हा आपल्या घरचा नेम. त्या रविवारी अजून उजाडलेलं नाही, तुम्ही कानटोपी घालता, वर मफलर गुंडाळता, आई भाकरी-चटणीची पुरचुंडी तुमच्या हातात देते, माझ्या अगदी ओठावर 'कुठे' येतं आणि आई डोळे वटारते. मी शब्द गिळते. तुम्ही फाटक लोटून जाता. एवढी माणसं घरात, आणि घरातला कर्ता माणूस कुठल्या दिशेला गेला हे एकालाही ठाऊक नाही. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

रात्री तुम्ही आला नाहीत. सकाळी आई दिवा लावायला देवापाशी गेली आणि तिला दिसलं की तुपाची डबी जागेवर नाही. तिचा चेहरा एकदम उजळला. "शिवगंगेच्या डोंगरावर गेले आहेत," ती म्हणाली. "दुसरीकडे तूप कशाला नेतील?" शिवगंगेच्या पिंडीवर तूप चोळलं की त्याचं लोणी होतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मग काय, काका, शेजारचे पोस्टमास्तर, त्यांचा मेहुणा, सगळे दोर आणि कंदील घेऊन शिवगंगेला. अख्खा डोंगर पालथा घातला, घसे बसेपर्यंत हाका मारल्या. घरी आई उंबऱ्यापाशी बसून राहिली. तिने पाण्याचा घोट घेतला नाही. मी कॉलेजात जाणारी मुलगी, पण त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की वडील नसलेलं घर म्हणजे काय असेल.

आणि तुम्ही होतात पार दुसऱ्याच दिशेला, देवनहळ्ळीच्याही पुढे! नंदीच्या डोंगराला पायऱ्या आहेत, माणसं आहेत, म्हणून तो तुम्हाला पसंत नाही. त्याच्या पलीकडचा बोडका डोंगर तुम्ही निवडलात, धुक्यात पाय घसरला, घोटा मोडला, आणि रात्रभर एका कपारीत कुडकुडत पडून राहिलात.

संध्याकाळी काका हात हलवत परतले आणि त्यांच्यामागोमाग घोड्याचा जटका दारात थांबला. त्यातून तुम्ही. पायाला बांबूच्या पट्ट्या, ओठ काळेनिळे. तिकडच्या दवाखान्यातून सोबत आलेल्या कंपाउंडरने सांगितलं, आणखी एक रात्र गेली असती तर हाती लागले नसते. आणि तुमचं पहिलं वाक्य काय? "आंघोळीला पाणी ठेवा."

"आणि तूप?" आईने विचारलं.

"टाचा फुटल्या होत्या. थंडीत भेगा पडतात ना."

पोस्टमास्तर कपाळाला हात लावून आपल्या घरी गेले. पण खरी कमाल पुढेच होती. सरपण गोळा करणाऱ्या बायका रविवारी दुपारीच तुमच्या खालच्या वाटेने गेल्या होत्या. तुम्हाला त्या दिसल्या. मग हाक का नाही मारली? "अनोळखी बायकांना हाका कशा मारायच्या, अक्का? मी खाकरलो." खाकरलात! घोटा मोडलेला, वर थंडी पडत चाललेली, आणि हा गृहस्थ खाकरतो! दुसऱ्या दिवशी त्याच बायका आपणहून वर चढल्या म्हणून तुम्ही वाचलात. त्या संध्याकाळी मी साऱ्या आळीदेखत तुम्हाला इतकं बोलले, इतकं बोलले, की काकूने मला हाताला धरून आत नेलं. तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. शेवटी हळूच म्हणालात, "स्वल्प आवाज कमी कर. पाय ठणकतोय."

पुढच्या पौषात पुन्हा गेलात, लंगडत. त्याच्याही पुढच्या. गेलात शेवटी अंथरुणात, भर चैत्रात, साध्या तापाने. डोंगराला त्यात बोल लावायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

आता नंदीच्या वाटेवर रविवारी पहाटे मोटारींची रांग लागते. तिथे आता एकटं राहायचं म्हटलं तरी जमणार नाही. माझा नातू मात्र शेजारच्या त्या बोडक्या डोंगरावर जातो, तेही एकटा, तेही डिसेंबरात. मी त्याला तुमच्या घोट्याची सगळी हकीगत ऐकवली. त्याने शांतपणे विचारलं, "आजी, तू कधी चढलीस का तो?"

नाही चढले. लोकांना सांगते की त्या डोंगराचा राग येतो. ते खरं नाही, अण्णा. मला भीती वाटते, की वर जाऊन बसले आणि मला तुमचं पटलं, तर तुमच्याशी भांडायला माझ्याकडे काही उरणार नाही.