परत न केलेली पासोडी

मी, ओलाउग नेस, दिवंगत आंद्रेस नेस यांची पत्नी, वय सत्तर, काम घरकाम, राहणार नेसविक, हार्डांगर, देवाला स्मरून व कुणाच्या भरीस न पडता माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. प्रार्थनाघराच्या महिला मंडळाचा हिशेब अजून माझ्याकडेच आहे आणि तो जुळतो.

१. घर व सफरचंदाची बाग मुलगा हाल्वार यास. उतारावरची झाडे त्याच्या वडिलांनी लावलेली आहेत, ती तोडू नयेत. बँकेतील शिल्लक मुलगी उन्नी हिला. चांदीचे चमचे तिने आधीच नेले आहेत, ते तिचेच समजावेत.

२. माझी आई गुरो हिचा विणायचा माग मंडळाला. आम्ही सहाही भावंडे त्याच्याखाली रांगलो. आई बर्चच्या पाल्यात आणि दगडफुलात लोकर रंगवी, घराला आठवडाभर वास येई. पोटुशी म्हणून ज्या मुलींना घरच्यांनी बाहेर काढले, त्या आमच्या माडीवर राहत. आई त्यांना आधी जेवू घाली, मग हाती धोटा देई. विचारीत काहीच नसे. वडील कुरकुरत, "गुरो, हे घर आहे की धर्मशाळा?" त्यावर ती म्हणे, "तुमचं ताट वेळेवर येतंय ना?"

३. दफनानंतर कॉफी व लोणी लावलेली बटाट्याची पोळी द्यावी. रिवाजाची सात प्रकारची बिस्किटे करू नयेत, मी खायला नसणार. फुलांवर खर्च नको.

४. आईची लोकरी पासोडी, तिच्या दफनापासून माझ्याकडे असलेली. हिच्यापायी हाल्वार व उन्नी यांचे गेल्या नाताळापासून बोलणे बंद आहे. उन्नीला ती ओस्लोच्या घरात भिंतीवर लावायची आहे. ती म्हणाली, "तुझ्याकडे उंदीर खातील, दादा." हाल्वार म्हणाला, "आजी काय भिंतीला थंडी वाजते म्हणून विणत होती?" त्याला ती लेकीच्या लग्नात हवी.

बाळांनो, ती मुळात आपली नव्हेच. आईने ती १९६१ साली मंडळाच्या सोडतीसाठी विणली. आपली रीत तुम्हांला ठाऊक आहे. बक्षीस लागले की माणूस हसून परत करतो, पुन्हा चिठ्ठ्या विकतात, आणि एकच वस्तू संध्याकाळभर फिरत राहते. पासोडी शेजारच्या टोराला लागली. तिचा नवरा त्याच हिवाळ्यात मासेमारीत बुडाला होता, मांडीवर तान्हे मूल होते. तिने पासोडीची घडी केली, काखेत मारली आणि घरी गेली. गावाने तिचे नाव "ठेवून घेणारी टोरा" पाडले. मीही आईजवळ धुसफुसले. आई कॉफी ओतता ओतता म्हणाली, "जिला थंडी वाजते ती परत देत नाही, ओलाउग."

१९८४ साली आई गेली. शवपेटीवर घालायला घरात तिची एकही पासोडी निघाली नाही, सगळ्या देऊन झाल्या होत्या. तेव्हा टोरा उठून घरी गेली आणि ती घेऊन आली. पेटीवर अंथरून तिने चारी कोपरे सारखे केले. म्हणाली, "घे गुरोताई, परत केली."

म्हणून ही पासोडी माझ्या पेटीवर घालावी. मग वाऱ्यावर झटकून नाताळच्या सोडतीत ठेवावी. हाल्वार व उन्नी यांनी चारचौघांसारख्या चिठ्ठ्या घ्याव्यात आणि एका बाकावर बसावे. ती कुणालाही लागो, त्याने परत केली नाही तर कोणी नावे ठेवू नयेत.

हे सर्व मी टोराला वाचून दाखवले. ती म्हणाली, "साक्षीदाराला काही मिळता कामा नये म्हणतात. मलाच लागली तर गं?"

मी म्हटले, "तर ठेवून घे."

नेसविक, दि. ९ नोव्हेंबर १९९७
सही : ओलाउग नेस
साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली :
१. टोरा विकेन, शेजारीण
२. आर्ने लोफ्टहुस, प्रार्थनाघराचे पेटीवादक